वास्को द गामा : गाडीच्या पाटीवरचं नाव, कमानीवरचा पुतळा



भुसावळ जंक्शनवरून जाणाऱ्या गाड्यांची नावं आपल्याकडच्या मुलांना तोंडपाठ असतात. त्यातली एक गोवा एक्सप्रेस. दिल्लीच्या हजरत निजामुद्दीनहून निघते, तापीचा पूल ओलांडून आपल्या खान्देशात येते आणि पुढं जिथं जाऊन थांबते त्या स्टेशनचं नाव वास्को-द-गामा. डब्याच्या पाटीवर ते देवनागरीत लिहिलेलं असतं. समुद्र कधी न पाहिलेल्या पोराला हे नाव रोज वाचायला मिळतं. तो कोण होता असं विचारलं, की सामान्य ज्ञानाच्या पुस्तकातलं एक ओळीचं उत्तर येतं : भारताचा शोध लावणारा. पुढची सगळी माहिती या एका ओळीत गडप होते, म्हणून आजचा पाठ त्याच्यावर.

तुम्ही सहलीला जुन्या गोव्याला गेलात तर चर्च बघून झाल्यावर लगेच बसमध्ये बसू नका. मांडवी नदीच्या बाजूला थोडं चालत जा. दिवाडी बेटाची फेरीबोट जिथं लागते, तिथून वर येणाऱ्या रस्त्यावरच जांभ्या दगडाची एक मोठी कमान उभी आहे. तिच्याखालून आजही माणसं, दुचाक्या जातात. हिला व्हाइसरॉयची कमान म्हणतात. पोर्तुगालहून नवा व्हाइसरॉय आला की तो इथून शहरात शिरायचा. नदीकडच्या तोंडाला, वरच्या कोनाड्यात एक दाढीवाला पुतळा आहे. तोच वास्को द गामा. त्याच्या घराण्याची खूण म्हणून हरीणही कोरलेलं आहे. ही कमान त्याच्याच पणतूनं, फ्रान्सिस्को द गामानं उभारली. हा पणतू 1597 मध्ये व्हाइसरॉय म्हणून गोव्यात आला, तेव्हा पणजोबांच्या प्रवासाला शंभर वर्षं होत होती. थोडक्यात, घरच्या माणसानं घरच्या माणसाचं केलेलं हे स्मारक. दुसऱ्या बाजूला हातात तलवार घेतलेली एक स्त्री आहे आणि तिच्या पायाखाली एक माणूस पडलेला आहे. मुलांना दोन्ही बाजू दाखवा. एकाच बाजूचा फोटो काढून परत येऊ नका.

आता माणसाकडं वळू.

पोर्तुगालच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर सिनिश नावाचं लहानसं बंदर आहे, तिथं वास्कोचा जन्म झाला. जन्मसाल कुणी 1460 धरतात, कुणी 1469. वडील एश्तेव्हाँव द गामा राजाच्या सेवेतले सरदार, सिनिशचे किल्लेदार. घर श्रीमंत नव्हतं, पण दरबारी ओळख होती. बालपणाबद्दल फारसं काही सांगता येत नाही, आणि गोष्टीत रंग भरायला आपण ते बनवूही नये.

त्याच्या लहानपणी युरोपात मिरी म्हणजे चैनीची चीज होती. मलबारचं काळं मिरं अरबी समुद्रातून तांबड्या समुद्रात, तिथून इजिप्तमध्ये आणि मग व्हेनिसच्या व्यापाऱ्यांमार्फत युरोपात जायचं. हातोहात किंमत वाढत जायची. शेतकऱ्याकडून दोन रुपयाला निघालेली भाजी शहरात वीसला कशी होते, हे आपल्या पालकांना वेगळं सांगायला नको. पोर्तुगालला मधले दलाल टाळून थेट मळ्याच्या दारात जायचं होतं. त्यासाठी त्यांचे खलाशी साठ-सत्तर वर्षं आफ्रिकेच्या किनाऱ्यानं थोडं थोडं खाली सरकत होते. 1488 मध्ये बार्तोलोमेव दियश आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून आला, पण पुढं जायला खलाशी तयार होईनात म्हणून परतला. टोक सापडलं, पलीकडचा समुद्र राहिला.

राजा मनुएलनं ते काम वास्कोवर सोपवलं. 8 जुलै 1497 ला लिस्बनहून चार जहाजं निघाली : साँव गाब्रियेल, साँव राफायेल, बेरियो आणि सामानाचं एक. राफायेलवर कप्तान त्याचा भाऊ पाउलो, बेरियोवर निकोलाव कोएल्यो. माणसं दीडशे ते पावणेदोनशे. त्यात शिक्षा झालेले काही कैदीही होते. अनोळखी किनाऱ्यावर सगळ्यात आधी उतरायचं काम त्यांचं, कारण ते मेले तरी कुणाला फारसं वाटणार नव्हतं.

या प्रवासातला खरा धाडसाचा भाग कोणता, तर माझ्या मते अटलांटिकचा. आफ्रिकेच्या किनाऱ्याला चिकटून दक्षिणेला जायचं तर वारा समोरून येतो. वाऱ्याविरुद्ध सायकल चालवणाऱ्या पोराला हे लगेच कळतं. वास्कोनं किनारा सोडला आणि उघड्या समुद्रात पश्चिमेकडं मोठी गिरकी घेऊन, वारा पाठीशी घेत तो आफ्रिकेच्या टोकाकडं आला. तीन महिने जमीन दिसली नाही. कोलंबस पाच आठवड्यांत जमिनीला लागला होता, हे शेजारी ठेवून बघा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला आफ्रिका दिसली. विषुववृत्ताच्या खाली गेलं की ध्रुवतारा दिसत नाही, म्हणून दुपारच्या सूर्याची उंची मोजून आपण किती दक्षिणेला आलो ते काढायचं. हलत्या जहाजावर मोजमाप नीट होईना, म्हणून त्यांनी मोठं लाकडी यंत्र किनाऱ्यावर नेऊन मोजलं. 22 नोव्हेंबरला टोक ओलांडलं. पुढं सामानाचं जहाज मोडून टाकलं. नाताळात जो किनारा लागला त्याला त्यांनी नाताल नाव दिलं.

त्यानंतर मोझांबिक, मोंबासा. इथं त्यांना मोठा धक्का बसला असणार. आपण अज्ञात जगात आलो असं त्यांना वाटत होतं, आणि इथं तर भरलेली बंदरं होती, रेशमी कपडे घातलेले व्यापारी होते, होकायंत्र आणि नकाशे वापरणारे नाखवे होते. अरबस्तान, गुजरात आणि आफ्रिका यांच्यात शेकडो वर्षं ये-जा चालू होती. म्हणजे ज्या समुद्राचा शोध लावायला हे निघाले, तिथं वाहतुकीची वर्दळ होती. मोझांबिक-मोंबासाला भांडणं, तोफा, पळापळ झाली. एप्रिलच्या मध्याला ते मालिंदीला पोचले. मालिंदीच्या राजाचं मोंबासाशी वैर होतं, त्यामुळं त्यानं यांना जवळ केलं आणि एक वाटाड्या दिला.

हा वाटाड्या कोण? बरीच वर्षं अहमद इब्न माजिद या थोर अरब दर्यावर्दीचं नाव सांगितलं जायचं. आता अभ्यासक ते मानत नाहीत. पोर्तुगीज नोंदींत तो गुजराती होता असं आहे, आणि कच्छचे लोक त्याला आपल्याकडचा कानजी मालम म्हणतात. पोर्तुगीज बखरकारानं त्याचं नाव मालेमो काना असं लिहिलंय. त्यातला मालेमो म्हणजे मालम, आणि मालम हा शब्द आला मुअल्लिम या अरबी शब्दावरून. मुअल्लिम म्हणजे शिक्षक! आपल्या जळगाव-धुळ्याच्या उर्दू शाळांतल्या सहकाऱ्यांना हा शब्द माहीत आहेच. जहाजाला वाट दाखवणाऱ्यालाही त्या काळी गुरुजीच म्हणत.

24 एप्रिल 1498 ला जहाजांनी मालिंदी सोडलं. आपल्याकडं आखाजीचे दिवस असतात तो सुमार. नैर्ऋत्येचा वारा नुकताच धरू लागलेला. तोच वारा, जो पुढं जूनमध्ये आपल्या कपाशीवर पाऊस घेऊन येतो. या वाऱ्याचं वेळापत्रक वाटाड्याला पाठ होतं. मालिंदी विषुववृत्ताच्या थोडं खाली आहे, त्यामुळं पाच दिवसांनी येत्या रविवारी खलाशांना ध्रुवतारा पुन्हा दिसला. तेवीस दिवस चहूकडं पाणी, आणि 18 मे ला मलबारचे डोंगर समोर आले. 20 मे ला कालिकतजवळ, म्हणजे आजच्या कोळिकोडजवळ, कप्पडच्या बाजूला नांगर पडले.

इथं वर्गात करण्यासारखी एक गंमत सांगतो. ध्रुवतारा क्षितिजापासून जितका वर, साधारण तितकं आपलं अक्षांश. हात पूर्ण लांब करून मूठ धरली तर ती सुमारे 10 अंश व्यापते. जळगाव-धुळे साधारण 21 अंशावर, म्हणून आपल्याकडं ध्रुवतारा दोन मुठी वर. कोळिकोड 11 अंशावर, तिथं जेमतेम एक मूठ. अरब आणि गुजराती नाखवे हेच काम लाकडाची चौकोनी फळी आणि गाठी मारलेली दोरी वापरून करायचे. त्याला कमाल म्हणत. दोरीची गाठ दातात धरायची, फळीची खालची कड क्षितिजावर, वरची ताऱ्यावर. ज्या बंदराला जायचं त्याच्या नावाची गाठ ठरलेली. पुठ्ठा आणि सुतळीचं कमाल पोरं अर्ध्या तासात बनवतात. रात्री गच्चीवर पालकांनी बरोबर जायचं, एवढीच अट.

कालिकतला आधी एका कैद्याला उतरवलं. त्याला किनाऱ्यावर भेटले ते ट्युनिसचे दोन मुसलमान व्यापारी, आणि त्यांना युरोपातली भाषा येत होती! तुम्ही इथं कशाला आलात, असं त्यांनी विचारलं. ख्रिस्ती लोक आणि मसाले शोधायला, असं उत्तर गेलं. ख्रिस्ती लोक सापडलेच पाहिजेत असं मनात इतकं पक्कं होतं, की वास्को आणि त्याच्या माणसांनी एका देवळालाच चर्च समजून तिथं प्रार्थना केली. हा प्रसंग मुलांना फार आवडतो. आपल्याला जे बघायचं असतं तेच दिसतं, हे समजायला यापेक्षा सोपं उदाहरण मिळणार नाही.

कालिकतच्या राजाला सामुतिरी म्हणत, पोर्तुगीजांनी त्याचं झामोरीन केलं. सोन्या-रत्नांत बसणारा श्रीमंत राजा. त्याच्यासाठी वास्कोनं काढलेला आहेर ऐका : पट्ट्यांच्या कापडाचे 12 तुकडे, 4 लाल टोपरी, 6 हॅट, पोवळ्याच्या 4 माळा, हात धुवायची 6 पात्रं, साखरेची एक पेटी, तेलाचे 2 पिंप, मधाचे 2 पिंप. राजाचे अधिकारी हे बघून हसायला लागले. मक्केहून येणारा गरिबातला गरीब व्यापारीही याहून बरं देतो, असं त्यांचं म्हणणं पडलं. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मणी आणि घंट्या चालल्या होत्या, इथंही चालतील असा अंदाज होता. तो साफ चुकला. आपण कुणाकडं जातोय याची माहिती न घेता निघालेला हा पाहुणा. त्याचा माल विकला जाईना, बंदराचा कर भरा म्हणून तगादा लागला, दोन्ही बाजूंनी माणसं ओलीस धरली गेली. शेवटी थोडेबहुत मसाले आणि पकडलेली काही स्थानिक माणसं घेऊन 29 ऑगस्टला त्यानं कालिकत सोडलं.

जाता जाता एक आठवण. त्या वर्षी आपल्या खान्देशावर फारुकी घराण्याचा आदिलखान दुसरा राज्य करत होता, बऱ्हाणपूरला. शिरपूरजवळचं थाळनेर ही त्यांची जुनी राजधानी. कालिकतला तीन परकी जहाजं आल्याची खबर बऱ्हाणपूरला कुणी मनावर घ्यावी असं काही कारण नव्हतं. मुलांच्या डोक्यात भारत सापडला असं चित्र असतं, त्यात जणू सगळा देश किनाऱ्यावर उभा राहून वाट बघत होता. तसं काही नव्हतं.

आता परतीचा प्रवास. यावर मी वर्गात सगळ्यात जास्त वेळ देतो आणि तुम्हीही द्या, असं सुचवेन. येतानाचे 23 दिवस लक्षात ठेवा. परतायला वाऱ्याची दिशा उलटी हवी. ईशान्येचा वारा नीट धरतो तो दिवाळीनंतर. किनाऱ्यावरचे नाखवे त्याची वाट बघत बसत. वास्को निघाला पोळ्याच्या सुमाराला. काही दिवस कारवारजवळच्या अंजदीव बेटावर काढले. हे बेट आज गोव्यात मोडतं. तिथं गोव्याच्या मुसलमान सुभेदाराच्या चाकरीतला, मूळ पोलंडकडचा एक यहुदी माणूस भेटायला आला. हेर असल्याच्या संशयावरून त्याला पकडून मारहाण केली, बोलतं केलं आणि बरोबर नेलं. पुढं त्याचं नाव गास्पार द गामा ठेवलं. 5 ऑक्टोबरला अंजदीव सोडलं. वाटाड्या नाही, वारा नाही. कधी वारा पडायचा, कधी समोरून यायचा. आफ्रिकेचा किनारा दिसला 2 जानेवारी 1499 ला. 23 दिवसांच्या वाटेला तीन महिन्यांना तीन दिवस कमी!

या तीन महिन्यांत काय झालं ते सांगताना मुलं एकदम शांत होतात. हिरड्या सुजून दातांवर चढायच्या, काही खाता यायचं नाही, पाय सुजायचे आणि माणूस मरायचा. हा स्कर्व्ही. महिनोनमहिने ताजं फळ नाही, भाजी नाही, म्हणजे क जीवनसत्त्व नाही. या एका पल्ल्यात तीस माणसं गेली. त्याआधी जवळपास तेवढीच गेली होती. एकेका जहाजावर कामाला उभी राहतील अशी सात-आठ माणसं उरली. मालिंदीला पोचल्यावर वास्कोनं आजाऱ्यांसाठी पहिली मागणी केली ती संत्र्यांची. कारण माहीत नव्हतं, पण संत्र्यानं बरं वाटतं एवढं येताना मोंबासाला कळलं होतं. परिसर अभ्यासात आपण जीवनसत्त्वांचा तक्ता पाठ करून घेतो. त्या तक्त्यातल्या क पुढं ही गोष्ट सांगा. पोरं डब्यातलं लिंबू टाकणार नाहीत.

माणसंच नाहीत म्हणून साँव राफायेल जाळून टाकलं. मालिंदीच्या किनाऱ्यावर वास्कोनं एक दगडी खांब उभा केला, वर क्रूस. पोर्तुगीज जहाजं असे खांब बरोबरच घेऊन निघायची. आम्ही इथवर आलो याची खूण. तो खांब आजही तिथं आहे. पुढं पाउलो आजारी पडला. वास्कोनं आपलं जहाज दुसऱ्याच्या ताब्यात दिलं आणि भावाला घेऊन अझोर बेटांकडं गेला, पण तिथं पाउलो वारला. पहिल्यांदा लिस्बनला पोचायचा मान त्यामुळं कोएल्योला मिळाला, 10 जुलै 1499 ला. वास्को उशिरा, ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात पोचला. निघालेल्यांपैकी साधारण तिसरा हिस्सा माणसं घरी आली. भावाजवळ थांबलेला हा वास्को खरा आहे. पुढचा वास्कोही तितकाच खरा आहे, आणि तिथं आपली पंचाईत होते.

1500 मध्ये काब्राल मोठा काफिला घेऊन आला. कालिकतला दंगा होऊन त्याची पन्नासावर माणसं मारली गेली आणि त्यानं शहरावर तोफा डागल्या. 1502 मध्ये वास्को परत निघाला तो वीस जहाजं आणि भरपूर तोफा घेऊन. आता आहेरात टोपरी नव्हती. मलबारच्या किनाऱ्याजवळ त्यानं मिरी नावाचं एक जहाज अडवलं. मक्केची यात्रा करून परतणारं. त्यात कालिकतचे श्रीमंत व्यापारी होते आणि बायका-मुलंही. माणसांचा आकडा वेगवेगळा सांगतात, दोनशेपासून चारशेच्या जवळपास. त्यांनी सोडवणुकीसाठी भरपूर मोबदला देऊ केला. काही दिवस बोलणी झाली, माल उतरवून घेतला, आणि मग वास्कोनं जहाज माणसांसकट पेटवून द्यायला सांगितलं. लोकांनी आग विझवून प्रतिकार केला, तरी शेवटी जहाज जाळलंच. वीसेक लहान मुलं तेवढी बाजूला काढली, ती ख्रिस्ती करायला. हे सगळं त्याच्याच ताफ्यातल्या पोर्तुगीज माणसानं लिहून ठेवलंय, शत्रूनं नाही. त्यानंतर कालिकतसमोर पकडलेल्या गरीब कोळ्यांना फासावर देऊन त्यानं शहरावर तोफा चालवल्या.

हे मुलांना सांगायचं का? पालक मला विचारतात आणि त्यांचं विचारणं रास्त आहे. माझं मत असं, की तिसरी-चौथीला वारा, तारे, आहेर, संत्री एवढं पुरे. पाचवीपासून पुढं मिरी जहाज सांगायला हवं. बारकावे नकोत, पण जहाजात यात्रेकरू होते आणि ते जाळलं, एवढं स्पष्ट. चोख माहिती आपण दिली नाही तर पुढं मोबाइलवर ती अर्धवट आणि विखारी होऊन त्यांच्यासमोर येते. आणि एक सांभाळा. वर्गात मुसलमान मुलं असतात, एखादं ख्रिस्ती मूल असतं. जहाज कुणी जाळलं, तर एका राजाच्या एका सेनापतीनं. वर्गातल्या एखाद्या मुलाकडं कुणाच्या नजरा वळू देऊ नका.

त्या फेरीनंतर पोर्तुगीजांनी समुद्रावर परवाने लावले. त्यांचा परवाना नसलेलं जहाज पकडायचं, लुटायचं. शेकडो वर्षं सगळ्यांसाठी मोकळ्या असलेल्या वाटेवर नाका बसला. 1510 मध्ये अल्बुकर्कनं गोवा घेतलं. वास्को तेव्हा पोर्तुगालात होता, गोवा त्यानं जिंकलेलं नाही. ही चूक प्रश्नसंचांत बरेचदा दिसते.

याच वाटेनं पुढं पोर्तुगीजांच्या जहाजांतून अमेरिकेची पिकं आपल्याकडं आली, त्यातलं एक मिरची. नंदुरबारच्या लाल मिरचीचे ढीग डोळ्यांसमोर आणा, भरताच्या वांग्याबरोबर ठेचली जाणारी हिरवी मिरची आठवा. 1498 मध्ये खान्देशात हे काहीच नव्हतं, तिखट म्हणजे मिरं, आलं, पिंपळी. शहाद्याकडची पपई, भुईमूग, पेरू हेही तिकडचेच. केळी मात्र आपल्या भागातली जुनी. घरात कोणतं पीक कुठून आलं याची यादी मुलांकडून करून घ्या, आजीला फार आश्चर्य वाटतं.

वास्को 1503 मध्ये परतला आणि वीस वर्षं पोर्तुगालातच राहिला. मानपानावरून राजाशी कुरबुरी चालू होत्या. 1519 मध्ये त्याला विदिगेइराचा काउंट केलं. भारतातल्या पोर्तुगीज कारभारात लाचलुचपत माजली, तेव्हा नव्या राजाला, तिसऱ्या जुआंवला, या म्हाताऱ्या कडक माणसाची आठवण झाली. 1524 मध्ये तो व्हाइसरॉय म्हणून निघाला. सप्टेंबरात किनाऱ्याजवळ आल्यावर समुद्रात भूकंप होऊन जहाजं हादरली, खलाशी घाबरून ओरडू लागले. म्हातारा डगमगला नाही, समुद्रच आपल्याला भिऊन कापतोय असं सांगून त्यानं त्यांना धीर दिला. मग तो उतरला तो आपल्या महाराष्ट्रात, अलिबागजवळच्या चौलला. तिथून गोवा, तिथून कोची. अधिकाऱ्यांवर त्यानं जोरात हात उगारला, पण वेळ मिळाला नाही. 24 डिसेंबर 1524 ला, नाताळच्या आदल्या दिवशी, कोचीला त्याचं निधन झालं. व्हाइसरॉयपद तीन-साडेतीन महिन्यांचं.

स्मारकांचं पुढं काय झालं तेही ऐकण्यासारखं आहे. गोव्याच्या कमानीवरचा पहिला पुतळा पणतूच्या कारभाराला वैतागलेल्या लोकांनी खाली ओढून फोडला. हे लोक गोव्यातले पोर्तुगीजच होते. नंतर पुन्हा पुतळा बसवला गेला. कमान पुढं ढासळली, 1954 मध्ये ती पुन्हा बांधली, आणि त्यानंतर सात वर्षांत पोर्तुगीज गोव्यातून गेले. 1998 मध्ये प्रवासाला पाचशे वर्षं झाली तेव्हा उत्सव करायचा की नाही यावरून गोव्यात आणि केरळात वाद पेटला, निषेध झाले. केरळात कप्पडला रस्त्याच्या कडेला एक लहानसा दगडी खांब आहे. 1498 साली वास्को द गामा इथं उतरला, एवढाच त्याचा आशय. शोध लावला असं तो दगड म्हणत नाही. फळ्यावर क्रियापद लिहायची वेळ आली तर मी उतरला हेच लिहितो. समुद्रमार्ग शोधला हे वाक्य परीक्षेत लिहायला हरकत नाही, पण युरोपातून भारतात यायचा, असे शब्द त्याला जोडायला लावा. भारताचा शोध लावला हे मात्र खोडाच.

वास्कोला आधी कोचीच्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये पुरलं होतं. चौदा-पंधरा वर्षांनी मुलगा त्याचे अवशेष पोर्तुगालला घेऊन गेला आणि विदिगेइराला ठेवले. 1880 मध्ये ते मोठ्या थाटामाटात लिस्बनजवळ बेलेमच्या मठात हलवले. मग लक्षात आलं, की हाडं दुसऱ्याच कुणाची तरी आणली आहेत. 1898 मध्ये, प्रवासाच्या चारशेव्या वर्षी, दुरुस्ती करून बरोबर हाडं तिथं नेली. कोचीच्या चर्चमध्ये कठडा लावलेली फरशी अजून आहे, खाली कुणी नाही. केरळच्या सहलीला जाणारे पालक तिथं थांबून फोटो काढतात. थांबलात तर मुलांना हेही सांगा.